निम्मा पेला काढा

नगर जिल्ह्यातल्या बऱ्याच माणसांशी माझी जुनी ओळख आहे, पण ती त्यांच्या लघवीपुरती. तोंडं मी कधी पाहिली नव्हती. पुण्यात एका प्रयोगशाळेत मी आकडेमोड करतो. शिक्षण संख्याशास्त्राचं, आधी विमा कंपनीत माणसं कधी मरतील याचे हिशेब करायचो, आता कॅन्सर कुणाला आहे याचे करतो. गावोगावच्या दवाखान्यांतून बर्फात घातलेल्या बाटल्या येतात. यंत्र त्यातला एकेक पदार्थ सुटा करतं आणि कागदावर उंच-ठेंगण्या शेंड्यांची रांग काढतं. ते आकडे घेऊन मी कॉम्प्युटरसमोर बसतो.

कल्पना साधी आहे. आपण जे खातो-पितो, शरीर जे मोडतं आणि घडवतं, त्याचा चोथा लघवीत उतरतो. कॅन्सरची गाठही आपल्या परीनं काहीतरी मोडत-घडवत असणार, तेव्हा तिची खूण तिथं उतरत असणार. एकेका शेंड्याकडे बघून ती कळत नाही. शेकडो शेंडे एकदम तोलले तर कळावी. या विद्येला मराठीत अजून धड नावही पडलेलं नाही. नातेवाईक विचारतात तेव्हा मी ‘रिसर्च’ म्हणतो आणि विषय बदलतो.

यातली एक युक्ती माझी होती. घशाचा कॅन्सर झालेला माणूस आणि त्याच घरातला धडधाकट जोडीदार, दोघांच्या बाटल्या एकाच सकाळी घ्यायच्या. “चूल एक, पाणी एक, हवा एक. उरला तो फरक रोगाचाच,” असं मी मीटिंगमध्ये म्हणालो होतो आणि आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली होती. ती मान मी पुढे बरेच दिवस मिरवली. कारण खरोखरच पडद्यावर, जिथं प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, तिथं आजाऱ्यांचा ढीग डावीकडे पडला आणि निरोग्यांचा उजवीकडे. मधे स्वच्छ रिकामी जागा.

फक्त दोन ठिपके चुकीच्या घरी गेले होते. काष्टीचे बापू आजारी असून निरोग्यांत बसले होते. आणि देवळाली प्रवरेच्या कौसाबाई, ज्यांच्या नवऱ्याला घशाचा कॅन्सर आहे, त्या स्वतः धडधाकट असून आजाऱ्यांत, अगदी मधोमध. बापूंचा आजार हटत असावा असा मी अर्थ लावला. कौसाबाईंचा अर्थ आणखी मोठा होता. त्यांच्यात गाठ सुरू झाली होती, आणि कुठल्याही डॉक्टरच्या बोटाला लागण्याआधी ती आमच्या गणिताला लागली होती.

मी नगरच्या दवाखान्यात फोन करून निरोप धाडला, की कौसाबाईंच्या लघवीत दोष दिसतो, त्यांना पुण्याला मोठ्या तपासणीसाठी न्यावं लागेल. मग त्यांना आणायला मीच निघालो. तसं माझं काही काम नव्हतं. पण आपलं भाकीत खरं ठरताना आपण तिथं असावं असं वाटलं. थोडक्यात, ज्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, ती आजारी निघावी अशी माझी इच्छा होती. जीपमध्ये बसताना मी खुशीत होतो.

काष्टी

दौंडला भीमा ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंबाच्या बागा लागतात. मंदाताई, म्हणजे बाटल्या गोळा करणाऱ्या आमच्या नर्स, नगरहून एस.टी.नं येऊन काष्टीच्या चौकात थांबल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदा बर्फाची पेटी उघडून बघितली, मग मला नमस्कार केला.

बापू अंगणात खाटेवर बसले होते. गळ्याला पंचा, आवाज घासलेला, पण बोलायची हौस दांडगी. आमच्याकडे, पेठेत, आत्याला कॅन्सर झाला तेव्हा सगळे ‘ते दुखणं’ म्हणत आणि तेही दार लावून. बापूंनी रस्त्यानं जाणाऱ्या सायकलवाल्याला थांबवून माझी ओळख करून दिली, “हे पुन्याचं साहेब. आपल्या कॅन्सरचं हिशेब बघत्यात.” सायकलवाल्यानं मला वाकून रामराम केला.

त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, बापूंसाठी हुलग्याचं माडगं केलं होतं, कारण भाकरी त्यांच्या घशाखाली उतरत नाही. मलाही वाटीभर दिलं. गरम, दाट, लसणाचा वास. मी दुसरी वाटी मागून घेतली. आमच्याकडे हुलगे घोड्याला घालतात असं मी म्हणणार होतो, सुदैवानं तोंडात घास होता.

जेवण झाल्यावर आक्कांनी पितळी पेल्यातून काहीतरी काळपट आणून बापूंच्या हातात दिलं आणि त्या भांडी घासायला गेल्या.

“वैद्यबाबांचा काढा,” मंदाताई मला म्हणाल्या. “इकडचे सगळे पेशंट घेतात. डॉक्टर म्हणतात, घ्या, नुकसान नाही, पण लाईट चुकवू नका.” लाईट म्हणजे पुण्याच्या दवाखान्यात यंत्राखाली झोपवून घशाला देतात ती किरणं.

बापूंनी आक्का वळल्याची खात्री केली, उठले, परसातल्या लिंबाच्या बुडाशी पेला रिकामा केला आणि मला डोळा घातला. “लई कडू हाय ओ. पैल्या दिवसापास्नं ह्यालाच घालतुया. बगा, कसा लगडलाय!”

मी पोटभर हसलो. त्या हसण्याची आठवण आता नको वाटते. ज्या उत्तरासाठी मी दोन वर्षं पडद्याकडे डोळे लावून बसलो होतो, ते माझ्यासमोर झाडाच्या बुडाशी ओतलं गेलं आणि मी हसत होतो.

एवढ्यावर न थांबता निघताना मी बापूंना म्हणालो, “तुमची लघवी अगदी निरोगी माणसासारखी दिसते बरं का, बापू.”

मंदाताईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “सर, अजून पक्कं कुठंय?”

पण आक्का हात पुसत बाहेर आल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं होतं. त्यांनी देव्हाऱ्यातली साखर आणून माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.

देवळाली प्रवरा

मुक्काम नगरला केला आणि सकाळी राहुरीच्या रस्त्याला लागलो. कारखान्यांचा हंगाम जोरात होता. उसाच्या गाड्यांमागून जीप रांगत होती आणि हवेला मळीचा वास होता, गोड आणि कुजका, दोन्ही. मंदाताईंना तो येतच नाही म्हणे. वाटेत पंक्चर झालं तेव्हा एका उसाच्या गाडीवाल्यानं न विचारता दोन कांडी मोडून आमच्या हातात दिली. तासभर मी रस्त्याकडेला बसून ऊस चावत होतो आणि कौसाबाईंच्या ठिपक्यावरून लिहायच्या लेखाची पहिली वाक्यं मनात जुळवत होतो.

घर कालव्याच्या अलीकडे, बौद्धवस्तीत. दारात बुद्धाची छोटी मूर्ती असलेला कोनाडा, पुढं रिकामी गव्हाण. कौसाबाईंचे यजमान किसनराव उन्हात बसले होते. ते साखर कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस यंत्रात सोडतात तिथं, कामाला होते, आता आजारपणाची रजा.

“जयभीम, मंदाताई. कौसा न्हाई घरी.” त्यांचा आवाज कान जवळ नेल्याशिवाय ऐकू येत नव्हता. “घोडेगावच्या बाजारात गेलीया. म्हैस घिऊन.”

“म्हैस विकायला? का हो?” मंदाताईंनी विचारलं.

“तुमचा निरोप आला नव्हं? म्हनली, मी बी आता तुमच्यावानी झाले, म्हशीचं कोन करनार? त्या म्हशीला दुसऱ्याचा हात चालत न्हाई. पारडी असल्यापास्नं हिनंच वाढवली. आमचं ठरल्यालं हुतं, साहेब. मी आदी. आता हिनंच मधी लाईन मोडली.”

ते हसले, आणि हसताना त्यांना ठसका लागला. मंदाताईंनी पाणी दिलं. ते घोट घोट घेत माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

“साहेब, तुमी शिकल्यालं हायसा म्हनून इचारतो. माझं उष्टं घेती ती. त्यानं झालं का वो तिला? मी दिलं का?”

“छे छे, उष्ट्यानं काही होत नाही,” मी म्हणालो. आणि एवढं बोलून मोकळा झालो. ‘उष्टं म्हणजे काय काय?’ हा पुढचा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नाही. मला फक्त एवढंच कळलं, की हा माणूस माझा निरोप आल्यापासून रोज स्वतःला गुन्हेगार समजून बसला आहे. पहिल्यांदाच मला वाटलं की मी इथं यायला नको होतं. पण आता नुसतं परत फिरणंही सोपं राहिलं नव्हतं. मंदाताईंनी जीप सोनईच्या रस्त्यानं घोडेगावकडे काढायला लावली.

घोडेगाव

जनावरांचा बाजार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. धूळ, शेणाचा वास, हंबरणं, आणि जागोजागी दोन-दोन माणसं उपरण्याखाली हात घालून गप्प उभी. भाव असा बोटांनी ठरतो. शेजारच्याला कळत नाही, व्यापारी आणि धनी दोघांनाच. एरवी मी त्यावर पानभर लिहिलं असतं. त्या दिवशी मी फक्त पन्नाशीतल्या, दवाखान्याच्या निरोपानं हादरलेल्या एका बाईला शोधत होतो आणि मला तिचा चेहराही माहीत नव्हता. मला तिच्या बाटलीवरचा नंबर माहीत होता.

कौसाबाई मंदाताईंना दिसल्या. चहाच्या पालाशेजारी दगडावर बसल्या होत्या. किडकिडीत, पदर डोक्यावरून, हातात गुंडाळलेलं दावं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही अशी इकडची रीत आहे. घेणारा आपलं दावं आणतो. दावं हातात होतं म्हणजे म्हैस गेली होती.

“आत्ताच टेम्पोत चढवली,” कौसाबाई म्हणाल्या. “मागं वळून बघितलं तिनं. जाऊ द्या. चला, कुटं यायचं तपासनीला?”

मंदाताई नियमाच्या पक्क्या. त्यांनी बॅटरीनं कौसाबाईंचं तोंड तपासलं, गळ्याला बोटं लावून पाहिली. “काहीच लागत नाही, सर,” असं मला हळूच म्हणाल्या. मग चहा पाजत गप्पांच्या ओघात सगळं विचारत गेल्या. भूक लागते का, झोप येते का, खाताय काय.

“खानं तेच, भाकर-भाजी. आन् काढा.”

“तुम्ही काढा घेता?”

“त्यांच्यासंगं. लई कडू असतुय, एकट्याला जात न्हाई त्यांला. पैल्यांदा पेला तोंडाला लावला आन् लहान लेकरावानी रडले. मंग मी म्हनलं, निम्मा माझा, निम्मा तुमचा. आदी मी घोट घेते, मंग ते घेत्यात. सकाळ-संध्याकाळ.”

काष्टीचा लिंब डोळ्यांपुढं आला. काढा झाडाला घालणारे बापू उजव्या ढिगात. निम्मा काढा पिणाऱ्या कौसाबाई डाव्या ढिगात. आणि त्या डाव्या ढिगातले बाकी सगळे, मंदाताई म्हणाल्या होत्या तसे, काढा घेणारे. माझे दोन सुंदर ढीग आजाऱ्यांचे आणि निरोग्यांचे नव्हतेच. पाल्या-मुळ्यांचा चोथा लघवीत उतरत होता, यंत्र तो इमानानं दाखवत होतं, आणि मी त्याला कॅन्सर म्हणत होतो. आमच्या कागदावर ‘चालू औषधे’ अशी जागा होती. तिथं डॉक्टरच्या गोळ्या लिहिलेल्या असत. काढ्याला इथं औषध कुणी म्हणत नाही, तो चुलीवर उकळतो. चूल एक आहे असं मीच म्हणालो होतो. तिच्यावर काय शिजतं आणि कोण काय पितं, हे विचारायला मात्र मी दोन वर्षांत एकदाही फिरकलो नव्हतो.

“कौसाबाई,” मी म्हणालो, “तुम्हाला काही झालेलं नाही. चूक माझी झाली. यंत्रात दिसलं ते काढ्याचं होतं.”

त्यांना पटेना. त्यांनी मंदाताईंकडे पाहिलं. मंदाताईंनी मान हलवल्यावर त्यांनी दावं मांडीवर घेतलं आणि त्यावरून हात फिरवत राहिल्या. मी उठलो आणि धावत सुटलो, चांगला पन्नाशीचा माणूस, बुटांनिशी शेणातून, टेम्पो शोधत. दलालानं मला थांबवलं. “गाडी गेली नेवाश्याकडं. आन् बाजारात हात सुटला की सुटला, साहेब. कुनाची म्हैस?” मी ‘माझीच’ म्हणालो आणि मागे वळलो.

परत आलो तेव्हा कौसाबाईंनी मला बसायला दगडावर जागा करून दिली. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण कामाची सवय इतकी वाईट, की त्या दगडावर टेकताच माझ्या तोंडून निघालं, “आठवडाभर काढा थांबवाल का? मग पुन्हा बाटली घेऊ. म्हणजे आमचं गणित नीट लागेल.”

“आन् ते?”

“ते घेतील की नेहमीसारखा.”

“एकटे?” कौसाबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. “तुमचं गनित लागावं म्हनून मी त्यांला एकट्याला कडू पाजू? म्हैस गेली ती गेली, साहेब. ह्ये न्हाई व्हायचं.”

मंदाताई दुसरीकडे बघत होत्या. मी ‘बरं’ म्हणालो. याहून लाजिरवाणं ‘बरं’ मी कधी म्हणालो नसेन.

आम्ही त्यांना घरी सोडलं. किसनरावांना बातमी त्यांनीच सांगितली. ते रिकाम्या गव्हाणीकडे बघून रडले, मग बायकोकडे बघून हसले, आणि मला ‘तुमचं लई उपकार’ म्हणाले. कसले उपकार? मी जीपमध्ये जाऊन बसलो.

पुन्हा काष्टी

रात्र नगरला काढून दुसऱ्या दिवशी पुण्याला निघालो, काष्टीपर्यंत मंदाताई सोबत होत्या. काष्टी वाटेतच लागतं. ड्रायव्हरनं विचारलं, “सरळ घेऊ?” घे म्हणायचा मोह मला झाला, हे लपवत नाही. मंदाताई मागे बसून माझ्या मानेकडे बघत आहेत असं वाटलं म्हणून मी थांबायला सांगितलं.

बापू खुशीत होते. “या! पुढल्या आठवड्यात लाईट घ्यायला यायचं हुतं, ते मी मोडलं. आता बरं झाल्यावर कशाला पुन्याला पळायचं?”

माझ्या एका वाक्यानं एवढं केलं होतं. मी त्यांच्याशेजारी खाटेवर बसलो आणि सांगितलं, की मी परवा बोललो ते खोटं ठरलं. तुमचा आजार आहे तिथंच आहे, आणि लाईट चुकवली तर वाढेल.

“मशीन चुकलं म्हना की.”

“मशीन नाही. मी.”

बापूंनी पंच्यानं तोंड पुसलं. आक्का दारात उभ्या होत्या, परवा साखर दिली होती त्याच हातानं त्यांनी चौकट धरली होती. मला वाटलं, आता हाकलतील. बापूंनी लिंबाकडे पाहिलं. मग म्हणाले, “मंग यावं लागंल. येतो.” आणि माझ्या कानाशी वाकून, “तेवढं काढ्याचं हिला सांगू नगा. रोज उकळती बिचारी.”

काढ्याची वेळ झालीच होती. आक्का पितळी पेला घेऊन आल्या, डोळे पुसत, आणि या वेळी त्या आत गेल्या नाहीत, तिथंच बसल्या. बापूंना झाडापर्यंत जाता येईना. पेला हातात धरून ते माझ्याकडे बघत होते. त्या काढ्यात गुण किती, मला माहीत नाही. मी तो त्यांच्या हातून घेतला, निम्मा प्यालो आणि उरलेला त्यांच्यापुढं धरला.

इतकं कडू मी जन्मात काही प्यालो नव्हतो. डोळ्यांत पाणी आलं. बापू माझा चेहरा बघून घासलेल्या आवाजात मनापासून हसले आणि पेला तोंडाला लावून घटाघटा प्याले.

पुणे

मोठ्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात कौसाबाई नवऱ्याला घेऊन पुण्याला आल्या तेव्हा डॉक्टरांनी कौसाबाईंची नीट तपासणी केली. काही निघालं नाही. बापूही आले, आक्कांना घेऊन. आमचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू आहे. या वेळी बाटली घेण्याआधी मंदाताईंसोबत चुलीपाशी मीही जाऊन बसतो. गाठीची खूण लघवीत उतरत असेलही, पण ती मला अजून सापडलेली नाही, हे इथं स्पष्ट लिहितो.

काष्टीहून आलो त्या संध्याकाळी तोंड कडू होतं, ते चहानंही जाईना. लॅबमध्ये जाऊन मी माझी स्वतःची बाटली भरली, तिच्यावर माझं नाव घातलं आणि यंत्राला लावायला दिली. शेंडे आले. आकडे मीच भरले.

मी धडधाकट आहे, मला काही झालेलं नाही. ठिपका डावीकडे पडला, कौसाबाईंच्या ठिपक्याला चिकटून.